कापसात कोंडलेलं गाणं

आमच्या तिघांच्या गाण्याची कधी कॅसेट निघाली नाही, जाहीर कार्यक्रम झाला नाही, पेपरात फोटो आला नाही. किस्से मात्र इतके साचलेत, की कुणी सहज "काय विजूभाऊ, तबला चालू आहे ना?" असं विचारलं तरी मी सुरू होतो आणि विचारणाऱ्याचा चहा थंड होतो. गंमत म्हणजे यातला एकही किस्सा गाण्याचा नाही. सगळे गाणं लपवण्याचे आहेत! आम्ही यवतमाळात एका घरात बसून गायचो आणि ते शेजारी ऐकू जाऊ नये यासाठी जेवढं डोकं चालवायचो, त्याच्या निम्मं जरी तालात चालवलं असतं तर मी आज बरा तबलजी असतो.

आम्ही तिघं म्हणजे कोण ते आधी सांगतो. गुणवंत मास्तर प्राथमिक शाळेत शिकवायचे आणि पेटी वाजवायचे. माझी टायपिंगची इन्स्टिट्यूट. दिवसभर खटखट ऐकायची आणि संध्याकाळी मास्तरांकडे जाऊन तबल्यावर ती बाहेर काढायची. तिसऱ्या सुमनताई. दवाखान्यात सिस्टर होत्या. त्यांचे वडील राळेगावकडच्या खेड्यांमधून बुद्धवंदनेची, भीमजयंतीची गाणी स्वतः रचून गायचे. मैदानात, माईकशिवाय. ताईंचा गळा त्यांच्यावर गेला होता.

पण तो गळा उघडायला जागाच नव्हती! ताई राहायच्या सिस्टर लोकांच्या क्वार्टरमध्ये. तिथे चोवीस तास कुणी ना कुणी नाईट करून झोपलेलं. ताई ओठातल्या ओठात रियाज करायच्या. अशाच रियाजावर त्या रेडिओ स्टेशनच्या स्वरपरीक्षेला गेल्या आणि नापास होऊन आल्या. "सूर चांगला आहे, पण आवाज दबका आहे," असा शेरा मिळाला.

"मले पुन्हा बोलावतीन तवा मी मोकळ्या गळ्यानं म्हनीन," ताई आम्हाला म्हणाल्या. "बाबाचं गाणं मी असं चोरून चोरून म्हनलं, त्याचंच मले वाईट वाटते." बोलता बोलता त्यांचे डोळे भरले. मग मास्तरांनी पेटीवर हात ठेवून सांगून टाकलं, "रोज माह्या घरी या. काय व्हायचं ते होऊ द्या."

काय व्हायचं ते झालंच.

*

मास्तरांचं घर आणि नानाजींचं घर पाठीला पाठ लावून होतं. मधली भिंत एकच आणि तीही एकेरी विटेची. नानाजींचं दार मागच्या गल्लीत उघडायचं, म्हणजे त्यांच्याकडे जायचं तर घरांच्या पूर्ण लाईनीला वळसा. नानाजी एसटीतून कंट्रोलर म्हणून रिटायर झालेले. आख्खी नोकरी स्टँडवर, भोंग्याखाली! रिटायर झाल्यावर त्यांनी एकच गोष्ट मागितली होती, ती म्हणजे शांतता. माणूस भला, पण आवाज दांडगा. घरात बायकोला पाणी मागितलं तरी आम्हाला वाटायचं पुसदची गाडी लागली.

अशा माणसाला त्रास नको म्हणून पहिल्या दिवशी मी तबल्यावर गोधडी टाकली. एक कमी वाटली म्हणून दुसरी टाकली. खालून हात घालून वाजवायला लागलो. आवाज खरंच कमी झाला. नुसतं ठक् ठक्, ठक् ठक्. आम्ही एकमेकांकडे मोठ्या समाधानाने पाहिलं. ताईही हळूहळू मोकळ्या व्हायला लागल्या.

तेवढ्यात पलीकडे नानाजींच्या दाराची कडी वाजली. "कोन हाय?" मग दार लागलं. थोड्या वेळाने परत कडी, परत "कोन हाय?" आणि मग धाडकन् दार. आम्ही आपले विचार करतोय, आज नानाजींकडे इतके पाहुणे कोण येतायत?

शेवटी नानाजी वळसा घालून आमच्या दारात उभे. घामाघूम.

"मास्तर, तुमच्या घरी कोनी आलं काय? कवापासून बिचारं दार ठोकून राह्यलं, अन् तुम्ही उघडून नाही राह्यले!"

*

उन्हाळ्यात वाटलं, आता सुटलो. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये घरोघरी कूलर लागतात. पत्र्याचे, घरघर करणारे. नानाजींचा कूलर तर असा होता की त्याच्यापुढे पिठाची चक्की गुणी म्हणावी! संध्याकाळी तो सुरू झाला की आम्ही सुरू. त्याच्या आडोशाने ताई चांगल्या गळा सोडून गायला लागल्या.

पण एक घोटाळा व्हायचा. ताई सुरुवात करायच्या काळी चारमध्ये आणि गाणं संपेपर्यंत पोचायच्या पांढरी पाचला. रोज! म्हणजे वर चढून बसलेला माणूस न कळत पायरीभर खाली उतरलेला. मास्तरांना वाटलं पेटी बिघडली. ती दुरुस्तीला पाठवली, परत आणली, तरी तेच. मास्तर इतके गोंधळले की त्यांनी मलाच विचारलं, "विजूभाऊ, तबला तं उतरून नाही राह्यला?" मीही गोंधळून तबला परत लावला. हातोडी मारताना मलाच कळेना, की कोणाशी लावायचा!

एकदा मास्तरांनी पाहिलं, तर ताई गाता गाता भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. पेटीकडे चक्क पाठ. आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. संध्याकाळी सगळ्या गावाचे कूलर लागले की व्होल्टेज पडायचं, व्होल्टेज पडलं की नानाजींचा कूलर मंदावायचा, आणि कूलर मंदावला की त्याची घरघर खाली यायची.

"ताई! तुम्ही पेटीच्या सुरात नाही, नानाजीच्या कूलरच्या सुरात गाऊन राह्यल्या!"

"मंग काय करू?" ताई म्हणाल्या. "तुम्ही पेटी वाजवता भाता दाबून दाबून. मले ऐकू कुठी येते? कूलर तरी नीट ऐकू येते!"

ताईंना ते पटवून झालं, हसून झालं आणि ताईंनी परत वरचा सूर लावला. नेमकी त्याच क्षणी लाईन गेली. भारनियमनाचा टाईम बदलला होता म्हणे. आख्ख्या गावाचे कूलर एकदम बंद. सगळीकडे चिडीचूप आणि त्यात एकट्या ताईंचा आवाज! ताई अशा घाबरल्या की त्यांना थांबताच येईना.

पलीकडून नानाजींची घोषणा झाली, "मास्तर! लाईन गेली, कूलर बंद झाला. आता सगळं ऐकू येऊन राह्यलं!"

हे भांडण होतं की सूचना होती, यावर मास्तरांचं आणि माझं अजून एकमत नाही.

*

मग मास्तरांना आयडिया आली. गावातच नको ना? शेतात जाऊ! त्यांचे मोठे बंधू वामनभाऊ राळेगावकडे शेती करायचे. एका रविवारी आम्ही पेटी-तबला घेऊन एसटीने गेलो. शेताच्या मधोमध बाभळीखाली सतरंजी टाकली. चारी बाजूंनी कपाशी, भिंत नाही, नानाजी नाही. ताईंनी डोळे मिटले आणि पोटातून लांबच लांब आलाप सोडला.

दोन शेतांपलीकडून उत्तर आलं, "होऽऽ! आलो, आलो!"

आणि खरंच एक माणूस धुऱ्याच्या बांधावरून पळत आला. धापा टाकत म्हणाला, "काय झालं जी? कोनी बलावलं?" मास्तरांनी सांगितलं की काही नाही, गाणं आहे. तो बरं म्हणून गेला. ताईंनी परत आलाप घेतला. आता नाल्याकडून एक म्हातारा आला, वेचणीच्या बाया आल्या, एक जण तर सायकल टाकून आला. शेतात लांब आवाज काढला की तो हाक मारण्यासाठीच काढतात, हे मास्तर शहरात राहून विसरले होते.

आम्ही हसायला लागणार होतो. पण एका बाईने ताईंचा हात धरून ठेवला. ती ताईंना म्हणाली, "माय, आम्ही भेलो व. आजकाल वावरातून आवाज आला की आम्ही धावतच येतो."

ती वर्षंच तशी होती, कर्जापायी कुणी ना कुणी वावरातच औषध पिऊन पडायचं. ताईंनी त्या बाईला जवळ बसवून पाणी दिलं, आणि आम्ही सतरंजी गुंडाळली. एसटीत परत येताना ताई एवढंच म्हणाल्या, "इथं आता मोकळ्या गळ्यानं नाही म्हनता येनार."

*

त्या वर्षी दिवाळीनंतर कापसाचा भाव पार कोसळला. वामनभाऊंचं गावचं घर कापसाने भरलं. बैठकीत कापूस, माडीवर कापूस, माणसं अंगणात. खेड्यात हे नवं नाही. कापूस घरात आला की माणसाने बाहेर झोपायचं असतं. पण त्या वर्षी तरीही उरला, म्हणून भाऊंनी एक गाडी भरून मास्तरांकडे पाठवली. "भाव वाढला की नेतो," म्हणाले. मास्तरांची बैठकीची खोली जमिनीपासून आढ्यापर्यंत पांढरी झाली. खिडकी दिसेना. आमची बैठक मोडली.

एका दुपारी शोभावहिनी, म्हणजे मास्तरांची बायको, तुरीच्या डाळीचा डबा काढायला त्या खोलीत शिरल्या. वरचा कापूस घसरला आणि दाराशी ढीग झाला. वहिनी आत. मास्तर अंगणात पेपर वाचत. बऱ्याच वेळाने वहिनी स्वतःच उकरत उकरत बाहेर आल्या. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, हातात डबा आणि तोंडाचा पट्टा सुरू.

"गळा फाडून बोंबलली मी! गळा फाडून! बहिरे झाले काय तुम्ही?"

मास्तर पेपर टाकून उठले. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद की वहिनी बोलायच्या थांबल्या.

"किती जोरात बोंबलली? खरं सांग. जा बरं, अजून एकदा आत जाऊन बोंबल!"

*

कापसाच्या मधोमध आम्ही तिघं बसू एवढा खड्डा केला. पेटीला बेडशीट गुंडाळून आत नेली, कारण कापसाचे तंतू भात्यात जायचे आणि मधले दोन सूर खोकायला लागायचे. उदबत्तीला बंदी. मास्तर सरस्वतीच्या फोटोला नुसते हात जोडून म्हणायचे, "माफ कर माय, काडी ओढली तर भाऊ जीव घेईन."

आणि ताई गायल्या. काय सांगू! पहिल्या दिवशी त्यांचा स्वतःवरच विश्वास बसेना. किती सोडू, किती सोडू असं करत त्या सोडत गेल्या. आवाज कापसात जायचा तो परतच यायचा नाही, म्हणून त्या आणखी जोर लावायच्या. एका महिन्यात त्यांचा गळा असा उघडला की मला तबला सांभाळताना घाम फुटायचा. मी बाहेर जाऊन अंगणात उभं राहून पाहिलं. शांत! मला वाटलं गाणं थांबलं, म्हणून चहा सांगून आत गेलो तर ताई तार सप्तकात होत्या.

अडचण एकच. साठवलेल्या कापसाची खाज! ताई दवाखान्यातून ते गुलाबी लोशन घेऊन आल्या. रियाजाआधी आम्ही तिघं मानेला, हातांना गुलाबी लोशन फासायचो आणि मग सूर लावायचो.

इकडे नानाजींचं चित्त थाऱ्यावर राहीना. संध्याकाळी मास्तरांच्या गल्लीच्या तोंडाशी कडुनिंबाखाली ते खुर्ची टाकून बसत. ते काय पाहत होते? तीन माणसं एका घरात शिरतात, दार लावतात, तासभर आवाज नाही, आणि मग पांढऱ्या केसांनी, गुलाबी मानेने, खाजवत बाहेर येतात. एक दिवस त्यांनी मास्तरांना धरलंच.

"मास्तर, तुम्ही आत काय करता?"

"गाणं."

"मले येडा समजता काय? गाणं असतं तं मले ऐकू आलं असतं!"

मास्तरांनी त्यांना हाताला धरून आत आणून बसवलं. ताई गायल्या. नानाजी मान डोलावत ऐकत होते. मध्येच उठून बाहेर गेले. परत आले, थोडं ऐकलं, परत बाहेर. असं त्यांनी किती वेळा केलं कोण जाणे. शेवटी दारातच उभे राहिले.

"मी आत असलो की गाणं असते, बाहेर गेलो की नसते," ते हळूच म्हणाले. "तुम्ही माह्यासाठीच चालू-बंद तं नाही करून राह्यले न?"

*

आता खरा पेच. मास्तर रोज सकाळी पेपर उघडून कापसाचा भाव बघायचे आणि तोंड कसं करायचं हे त्यांना कळायचं नाही. भाव वाढला तर भावाचं भलं, पण खोली रिकामी. भाव पडला तर ताईंचं भलं. शोभावहिनींनी एकदा विचारलंच, "तुम्ही देवापाशी नेमकं मागता काय?"

"मी हात जोडतो फक्त," मास्तर म्हणाले. "बोलत काहीच नाही."

ताईंना तर ते ऐकवतच नव्हतं. त्यांच्या गावीही घर भरून कापूस पडला होता. "माहा गळा सुटावा म्हणून भाव पडो, असं मी कसं म्हनू मास्तर? भाव वाढू द्या. लय वाढू द्या." एवढं बोलून त्या पुन्हा कापसात शिरल्या आणि त्या दिवशी फारच सुंदर गायल्या. मला आत बसवेना. तरी मी आपला ठेका धरून खाली मान घालून बसलो.

स्वरपरीक्षेचं बोलावणं आलं आणि त्याच आठवड्यात भाव जरा वर सरकला. संध्याकाळी आम्ही नुकतं सुरू केलं होतं, तोच वामनभाऊ गाडी आणि हमाल घेऊन हजर! मास्तरांचा चेहरा उतरला. भाऊंना कसंतरी झालं. ते जुन्या वळणाचे, कोणाचं गाणं मोडवेना.

"ताई, तुम्ही म्हना जी. आम्ही बाजूबाजूनं काढतो."

म्हणून आम्ही गात राहिलो आणि ते कापूस काढत राहिले. हमाल गाठोडी बांधून बाहेर न्यायचे. आधी माझ्या मागचा ढीग गेला. मग खिडकी उघडी पडली आणि उजेड आला. ताईंचे डोळे मिटलेले. जसजसा कापूस कमी होत होता, तसतसा आवाज भिंतींवरून परत यायला लागला आणि खिडकीतून गल्लीत जायला लागला. ताईंना वाटलं, आज गळा काही वेगळाच लागलाय. त्या आणखी रंगल्या. एक हमाल गाठोडं डोक्यावर घेऊन दारात उभा राहिला तो हलेना. दुसरा गाठोडं उशाला घेऊन टेकला. गल्लीत बायका जमल्या.

वामनभाऊ घड्याळ बघून कासावीस. जिनिंग मिलचं फाटक बंद झालं तर गाडी रात्रभर उभी! कोणावर ओरडावं हे त्यांना कळेना. शेवटी त्यांनी ताईंपुढे चक्क हात जोडले.

"ताई, पाया पडतो, थोडं बेसूर म्हना जी! हमाल थांबून राह्यले!"

*

स्वरपरीक्षेला आम्ही ताईंना रेडिओ स्टेशनपर्यंत सोडायला गेलो आणि बाहेर झाडाखाली बसलो. आतून एकेक गायक उतरलेल्या तोंडाने बाहेर येत होता. एक जण मास्तरांना म्हणाला, "आत भिंतीच अशा आहेत की आवाज परतच येत नाही. आपलाच गळा आपल्याला ओळखू येत नाही!" मास्तर आणि मी एकमेकांकडे बघत बसलो. ताई किती घाबरल्या असतील, या विचाराने मास्तरांनी नखं खाल्ली.

ताई बाहेर आल्या त्या पार भांबावलेल्या.

"काय झालं?"

"मले तं वाटलं तुमच्याच खोलीत आली. हात आपोआप मानेवर गेला, खाजवायले! मंग म्हटलं काय घाबरायचं, अन् सोडला गळा." ताईंनी परत मान खाजवली. "पण मंधातच काचेमागचे साहेब धावत आले."

"काहून? काय म्हणाले?"

"म्हणाले, ताई, जरा सांभाळून! बाजूच्या खोलीत बोंडअळीची मुलाखत रेकॉर्ड होऊन राह्यली, तिच्यात तुमचा आवाज येऊन राह्यला!"

ही पास व्हायची लक्षणं की नापास व्हायची, यावर आम्ही घर येईपर्यंत वाद घातला.

*

ताई पास झाल्या. रेकॉर्डिंगही झालं, बाबांच्या गाण्याचं. ते लागायचं त्या संध्याकाळी ताई ड्यूटीवरून तशाच, पांढऱ्या कपड्यात, मास्तरांकडे आल्या. क्वार्टरमध्ये सगळ्यांसमोर ऐकायची लाज वाटते म्हणाल्या. रेकॉर्डिंगच्या वेळीही त्यांनी स्वतःचं गाणं ऐकलं नव्हतं. "मले एकदाच ऐकायचं हाय, बाबाचं गाणं रेडिओत कसं वाटते ते," असं त्या आल्यापासून घोकत होत्या. वहिनींनी शिरा केला होता. मास्तरांनी रेडिओ पुसून टेबलावर ठेवला होता.

निवेदिकेने कार्यक्रमाचं नाव सांगितलं आणि लाईन गेली!

मास्तरांचा रेडिओ लाईनवरचा. सेल घालायची जागा होती, पण ती कधीच गंजून गेलेली. मास्तर नुसते उभे. वहिनी मेणबत्ती शोधायला लागल्या, जणू मेणबत्तीवर रेडिओ चालतो. मी काय करावं हे न कळून रेडिओ हातात घेऊन हलवला.

तेवढ्यात भिंतीतून सूर आला. नानाजींचा ट्रान्झिस्टर सेलवर चालायचा! पलीकडे ताईंचं नाव सांगितलं गेलं, पेटी वाजली, आणि ताईंचाच आवाज लागला. आम्ही सगळे भिंतीकडे धावलो. चौघांनी चार ठिकाणी कान लावले. पण नानाजींनी रेडिओ अगदी बारीक ठेवलेला. शब्द कळेनात. वळसा घालून जावं तर तोवर गाणं संपणार.

मास्तरांनी भिंतीवर थाप मारली.

आवाज आणखी बारीक झाला.

मास्तरांनी दोन्ही हातांनी जोरात थापा मारल्या. "नानाजी! मोठा! मोठा करा!" पण मास्तरांचा आवाज त्यांच्या पेटीसारखाच, भाता दाबलेला. पलीकडून उत्तर आलं ते मात्र स्टँडवरचं.

"मास्तर, भिंत नका फोडू! मले समजते शेजाऱ्याचा त्रास. हे घ्या, केला बंद!"

आणि सगळं शांत. मुखडासुद्धा धड झाला नव्हता. मला ताईंकडे बघवेना. एवढी वर्षं त्या ज्यासाठी झुरल्या, ते भिंतीपलीकडे चालू होतं आणि आम्हीच थापा मारून बंद करवलं. मास्तर कपाळ भिंतीला टेकवून उभे होते.

ताईंनी पदराने तोंड पुसलं, भिंतीला पाठ लावली, आणि जिथे रेडिओ थांबला होता तिथूनच बाबांचं गाणं उचललं. पेटी नाही, तबला नाही. खोलीत कापूसही नव्हता. पूर्ण गळा सोडून त्या अंतऱ्यावर गेल्या. आम्ही कोणी त्यांना हळू म्हणालो नाही.

पलीकडे काहीतरी खडखडलं. मग स्टूल सरकल्याचा आवाज आला, आणि त्यामागोमाग नानाजींची घाबरलेली हाक.

"अवं, इकडं ये बरं लवकर! बंद केला, सेलही काढून ठेवले, तरी वाजूनच राह्यला हा!"